अप्पांचा २०१२ चा डेस्कटॉप: एसएसडी टाकू, विंडोज बदलू की भंगारात देऊ?

धोटा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमचं टॉवेल-चादरीचं छोटं होलसेल दुकान आहे, सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या खोलीत अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, डेस्कटॉप आहे. २०१२ साली असेंबल करून घेतलेला. आय३ २१२० प्रोसेसर, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. घेतला तेव्हा विंडोज ७ होतं. २०१६ साली फुकट अपग्रेड चालू होतं तेव्हा मीच १० केलं. या मशिनला कायमचं नेट नाही, लागलंच तर मोबाइल जोडतो. जीएसटी आणि ई-वे बिलं माझ्या लॅपटॉपवर होतात.

यावर चालतं काय, तर टॅली, जुनी पत्रं आणि दरपत्रकं (वर्डमध्ये, मराठीत), आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. प्रिंटर अजून खणखणीत आहे, एका दमात तीन कार्बन कॉप्या काढतो.

त्रास असा की बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत ११ मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघितलंय. अप्पांनी त्या ११ मिनिटांचं वेळापत्रकच बसवलंय. बटण दाबायचं, शटर पूर्ण वर करायचं, झाडून काढायचं, दारात पाणी मारायचं, उदबत्ती लावायची, मग येऊन मशिनची तारीख बरोबर करायची (ती रोज चुकलेली असते), तेवढ्यात चहा येतो, आणि चहा संपेस्तोवर टॅली येते. दुपारी खोली तापली की मशीन आणखी मंद होतं आणि पंखा लूमला लाजवेल असा आवाज करतो.

नवी पेठेत एका दुकानात दाखवायला नेलं. त्यांनी झाकण न उघडताच सांगितलं, "विंडोज १० बंद झालं, याचं आता काही होत नाही, नवीन घ्या." अप्पा म्हणतात, चालतंय तर बदलायचं कशाला. मी मध्ये सापडलोय. काय करू?

टेस्टर

झाकण न उघडता निदान करणाऱ्याकडे परत जाऊ नका, एवढंच आधी सांगतो. मी वीस वर्षं दुरुस्तीचंच काम करतो.

प्रोसेसर वाईट नाही. टॅली आणि वर्डला तो पुरून उरेल. दोष हार्डडिस्कचा आहे. हिशेब बघा. तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, झाले साधारण ४ मिलिसेकंद. त्याआधी डोकं त्या पट्टीवर सरकायला आणखी ८-९. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून वाचायचं तर सेकंदाला ७५-८० वेळा. विंडोज १० सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फाइली वाचतं. त्यात ४ जीबी रॅम भरली की उरलेलं डिस्कवरच लिहायला लागतं. तुमची ११ मिनिटं तिथे जातात. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे हे थांबणंच नाही.

एच६१ ला साटाचा दुसरा टप्पाच आहे, म्हणजे ३ गिगाबिटचा. एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेलं असतं, तुम्हाला २६०-२७० च्या आसपास मिळतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फरक पडतो तो विखुरलेल्या वाचनात, आणि तिथे जुना पोर्टही पुरतो. एम.२ वाली पट्टी मात्र घेऊ नका, या बोर्डावर तिला जागाच नाही. अडीच इंची साटा घ्या.

पण खरेदीआधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्कची तब्येत इथे टाका.

नवंकोरं

वेगळं मत. तेरा वर्षांच्या मशिनवर एक रुपयाही घालू नये. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमची दुसरी पिढी आहे. आज एसएसडी, उद्या रॅम, परवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), मग बोर्ड उडाला की सगळंच पाण्यात. कंपन्यांतून निघालेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप मिळतात, तसला एक घ्या, ११ टाका आणि मोकळे व्हा. धंद्याचे हिशेब आहेत, कॉलेजच्या पोराचा गेम नाही.

सातरस्ता

काय बे धोटा, अप्पांची झाडलोट बंद करायला निघालास काय? ११ मिनिटांचं मशीन ११ सेकंदांचं केलास तर दारात पाणी कोण मारणार?

चेष्टा जाऊ दे. पंख्याचा आवाज लिहिलायस म्हणून विचारतो, झाकण शेवटचं कधी उघडलं होतं? आमच्या मामाच्या कारखान्यात एमआयडीसीत कॉम्प्युटर होता, टेरी टॉवेलची लव आत जाऊन जाऊन हीटसिंकवर गादी झालती. वाऱ्याला जायला वाट नाही. ते आधी बघ.

धोटा

@सातरस्ता, आजच उघडलं. फोटो टाकायची लाज वाटते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या रंगाचा नमदा बसलाय, चिमटीत धरून ओढला तर अख्खा तुकडा निघाला. प्रोसेसरचं तापमान टॅली चालू असताना ९४ दाखवत होतं.

@टेस्टर, आकडे: हेल्थ पिवळं, सावधानचं. चालू तास ३८,४१२. ०५ ओळीत शून्य, सी५ ओळीत १०. दहाच सेक्टर खराब आहेत, म्हणजे फार नाही ना?

टेस्टर

ते दहा नाहीत, सोळा आहेत. त्या रकान्यातले आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले असतात, भले भले फसतात.

आणि सोळा म्हणजे कमी असं समजू नका. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदली दिलेले सेक्टर. सी५ म्हणजे जे तिला वाचताच येत नाहीयेत, आणि टाकूनही देता येत नाहीयेत. त्यांच्यावर काय होतं ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. ही डिस्क आजपासून फक्त वाचायची. डीफ्रॅग करू नका, चेकडिस्क मारू नका. आधी डेटा बाहेर काढा, बाकी गप्पा नंतर.

लव काढताना कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल (तुमच्याकडे असणारच) तर पंख्यात पेन अडकवून मग मारा. पंखा हवेने गरगरला की बेअरिंग जातं. आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या, नाहीतर बोर्डावर तुषार उडतील. हीटसिंक काढलात तर पेस्ट नवी लावा आणि चारही खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा, एका बाजूने दाबत जाल तर बोर्ड वाकतो.

पार्कचौक

मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात. बँकेत होतो.

३८ हजार तासांचा हिशेब केला. रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तेरा वर्षांत ३९ हजार होतात. तुमच्या अप्पांनी तेरा वर्षांत जवळजवळ एकही जादाची सुट्टी घेतलेली नाही. नमस्कार सांगा त्यांना.

आता कळीचं. आज तारीख काय आहे? मार्चएंड तोंडावर आहे. बॅकअप आजच्या आज घ्या, दोन ठिकाणी घ्या, पण फॉरमॅटला ३१ मार्चच्या आत हात लावू नका. मी एका शाखेत २८ मार्चला सर्व्हर बदलताना पाहिलाय. त्या रात्री आम्ही सगळे शाखेतच वडापाव खाऊन राहिलो.

अक्षरजुळारी

दादा, एक गोष्ट कुणीच विचारली नाही. ती मराठी पत्रं कोणत्या फॉन्टमधली आहेत?

मी सोलापुरात डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका आणि हँडबिलं, मराठी-कानडी दोन्ही. २०१२ च्या आधीची पत्रं असतील तर युनिकोड असण्याची शक्यता कमी. डीव्हीबी, श्रीलिपी, कृतिदेव यातलं काहीतरी असणार. या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षराचाच आकडा असतो, वरचं चित्र तेवढं देवनागरी. फाइल कॉपी केली आणि फॉन्ट मागे राहिला, की नव्या विंडोजवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. लोक रडत येतात माझ्याकडे, "ताई, व्हायरस आला." व्हायरस नसतो, फॉन्ट नसतो.

म्हणून डॉक्युमेंट्सबरोबर विंडोजमधला फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर उचला. काय लागेल ते निवडत बसू नका, सगळाच घ्या. आणि महत्त्वाच्या दोन-तीन पत्रांची पीडीएफ जुन्या मशिनवरच काढून ठेवा. पुढे ताडून बघायला उपयोगी पडते. र-फार आणि जोडाक्षरं तिथेच घसरतात.

टाइप करायचा कीबोर्ड कोणता ते पण बघा. अप्पांची बोटं ज्या पद्धतीवर बसलीत ती बदलली तर ते मशिनला हात लावणार नाहीत.

धोटा

@अक्षरजुळारी ताई, डीव्हीबी सुरेख! कसं ओळखलंत? आणि हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. फॉन्ट्सचा फोल्डर आत्ता उचलला.

@पार्कचौक काका, अप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, "गड्ड्याच्या जत्रेच्या दिवशी दुपारनंतर बंद असतंय की." बाकी मार्चएंडचं मान्य.

पेंग्विनपेठ

विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकायचं अजून कसं कुणी बोललं नाही? मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली तर ४ जीबीतही आरामात चालते. पैसे शून्य. एवढी कसरत विंडोज १० साठी करायची आणि परत ऑक्टोबरात, १० चे जादाचे अपडेट संपले की, हाच धागा काढायचा?

टेस्टर

मिंटबद्दल काही वाद नाही, माझ्या घरी तेच आहे. पण टॅली त्यावर सरळ चालत नाही. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय) वगैरे लावून चालवणारे आहेत, पण हिशेबाच्या मशिनवर मी ते करणार नाही. रात्री आठला पार्टी बिल मागत उभी असते तेव्हा वाइनची चूक शोधत बसायचं का?

मिंटचा पेनड्राइव्ह मात्र बनवाच, बसवायला नाही, डेटा काढायला. विंडोज खराब सेक्टरवर अडलं की तिथेच घुटमळत बसतं. मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करा, डीडीरेस्क्यू टाका, तो अडचणीची जागा सोडून पुढे जातो, चांगलं ते सगळं आधी उचलतो आणि मग वाईटाकडे परत येतो. कुठपर्यंत आलो याची नोंद एका फाइलीत ठेवतो, त्यामुळे लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको. नोंदीची ती फाइल तेवढी दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

विंडोजचं माझं मत: सध्या १० च ठेवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात. २२एच२ आवृत्ती पाहिजे. लायसनची काळजी नको, २०१६ चं फुकट लायसन मदरबोर्डला बांधलेलं आहे, डिस्क बदलली तरी नेट जोडल्यावर आपोआप लागतं.

नवंकोरं

आणि ऑक्टोबरनंतर? तोच मुद्दा आहे माझा.

टेस्टर

ऑक्टोबरनंतर नेटचं तोंड बंद. तसंही त्या मशिनला नेट नाहीच, जीएसटी लॅपटॉपवर आहे. पेनड्राइव्ह मात्र जपून लावायचा, धोका तिथूनच येईल.

रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅमने टीपीएमची अट काढून ११ बसवता येतं, या आय३ वर ते चालेलही. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह करत बसावं लागतं. हौशी माणसाला ठीक.

आणि तुम्ही म्हणता तो आठव्या पिढीचा डेस्कटॉप चांगलाच आहे, पण त्याला प्रिंटरचा पंचवीस पिनांचा पोर्ट बहुधा नसतो. मग कन्व्हर्टर केबल, मग ड्रायव्हर. डॉट मॅट्रिक्ससाठी जुना बोर्ड सांभाळणारे व्यापारी मी रोज बघतो.

बार्शीकर

माझ्याकडे जी४१ बोर्ड आणि कोअर २ ड्युओ आहे. रूफसने ११ होईल का?

टेस्टर

२४एच२ पासून नाही. त्या आवृत्तीला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना प्रोसेसरात असाव्याच लागतात, कोअर २ मध्ये त्या नाहीत. ही अट सॉफ्टवेअरने काढता येत नाही. तुम्हाला पेंग्विनपेठ यांचा रस्ता बरा.

वाचनमात्र२

वाखूसा (वाचनखूण साठवली). चालू द्या.

धोटा

एप्रिल उजाडला, ऊन चाळिशी ओलांडून गेलं, आता सविस्तर.

डेटा: डीडीरेस्क्यूने रात्रभरात डिस्कची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढली. शेवटच्या आठेक केबीसाठी दीड तास घेतला. सोळा सेक्टर म्हणजे आठच केबी, पण ते नेमके २०१४ च्या दरपत्रकात निघाले. फाइल उघडते, एका पानावर नक्षी आलीय. चालतंय. टॅलीचा डेटा धड आहे, तो वेगळा बॅकअपही घेतला. टॅलीचं लायसन फॉरमॅटआधी सरेंडर (परत जमा) करायचं असतं हे आमच्या टॅलीवाल्यांनी आठवण केली म्हणून बरं.

खरेदी: २५६ जीबी एसएसडी आणि जुनी ४ जीबी डीडीआर३ रॅम.

एसएसडी: दोन स्क्रूंवर लटकवली, ब्रॅकेट मिळाला नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कशी बोलायचा मोड जुना, आयडीई होता, तो नवा, एएचसीआय केला. विंडोज १० नवं कोरं बसवलं, नक्कल करून नाही. टॅली, फॉन्ट, प्रिंटर, सगळं लागलं. लव काढून नवी पेस्ट लावल्यावर तापमान टॅली चालू असताना ६१. बटण ते टॅली ५० सेकंद. अप्पा काही बोलले नाहीत, फक्त एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघितलं.

इथपर्यंत दृष्ट लागावी असं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरूच होईना. निळी स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही असं काहीतरी. मी धावत गेलो, बायोसमध्ये बघतो तर मोड परत आयडीई! एएचसीआय केला, सुरू झालं. म्हटलं माझीच चूक, सेव्ह केलं नसेन. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एसएसडी खराब निघाली का? परत करायची मुदत परवापर्यंत आहे, लवकर सांगा.

नवंकोरं

म्हणालो होतो.

पेंग्विनपेठ

केबल बदलून बघितली का? साटाची जुनी केबल सैल होते.

सातरस्ता

रात्री मेन स्विच बंद करून जातात का अप्पा?

धोटा

हो, लाइटीचा मेन रोज रात्री पाडतात. तेरा वर्षं पाडतात. केबल नवीन टाकली, फरक नाही. मधल्या वेळात दहादा रीस्टार्ट केलं, एकदाही अडलं नाही. फक्त सकाळी.

टेस्टर

एसएसडी परत करू नका. तुमच्याच धाग्याची सुरुवात परत वाचा. अप्पा रोज सकाळी काय करतात?

धोटा

शटर, झाडू, पाणी, उदबत्ती, तारीख...

तारीख!!

टेस्टर

बरोबर. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेलाय, कदाचित काही वर्षांपूर्वीच. मेन चालू असतो तोवर एसएमपीएसमधून बोर्डाला थोडी वीज मिळते, म्हणून रीस्टार्टला काही होत नाही. मेन पाडला की बायोस सगळं विसरतं आणि कारखान्यातून आलं तसं होतं. तारीख पहिल्या दिवसाची, मोड आयडीई.

इतकी वर्षं कळलं नाही, कारण जुनं विंडोज आयडीईवरच बसवलेलं होतं. बायोस विसरून ज्या मोडवर जायचं, तोच त्याला हवा होता. तुम्ही एएचसीआयवर बसवलंत, आता विसरलेलं चालत नाही. त्यात चूक नाही तुमची, मोड एएचसीआयच पाहिजे. आयडीईत डिस्क एका वेळी एकच हुकूम घेते, एएचसीआयमध्ये ३२ पर्यंत रांग लावून ठेवता येते.

सीआर२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळेल. मशीन बंद, मेन बंद, जुना काढा, सपाट बाजू वर ठेवून नवा बसवा, तारीख लावा, एएचसीआय करा, एफ१० दाबून सेव्ह करा.

आणि हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तारीख चुकते हे तुम्ही लिहिलं होतं, मी डिस्कच्या नादात पुढे गेलो.

अक्षरजुळारी

तारीख चुकलेली असली की नेट जोडल्यावर साइटीही उघडत नाहीत ना? "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून अडतात. माझ्या दुकानात एका मशिनला तसं होतं, मी इतके दिवस राउटरला दोष देत होते.

टेस्टर

हो ताई. साइटीच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची तारीख असते. मशीन २०१२ मध्ये बसलेलं असेल तर त्याला वाटतं हे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही.

धोटा

सेल टाकला. नवी पेठेतल्या घड्याळवाल्याकडून, चाळीस रुपये. ज्या दुकानाने नवीन घ्या म्हटलं होतं त्याच्या बरोबर समोर.

तीन रात्री मेन पाडला, तिन्ही सकाळी मशीन सरळ सुरू. फॉन्टही जुळले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पीडीएफ शेजारी ठेवून ताडलं. लेटरहेडवरच्या "श्री सिद्धेश्वर प्रसन्न" मधला "द्ध" तेवढा आधी फुटत होता, फॉन्टच्या दोन आवृत्त्या बसल्या होत्या, एक काढल्यावर नीट झालं.

अप्पांचं म्हणाल तर वेळापत्रक तेच आहे. झाडू, पाणी, उदबत्ती. मग येऊन कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करतात, तारीख बघतात, आणि बंद करतात.

जुनी डिस्क अजून ड्रॉवरमध्ये आहे. काय करायचं तिचं?

पार्कचौक

हिशेब असलेली डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. सहा महिने राहू द्या, मग आतल्या तबकडीला भोक पाडून द्या.

सातरस्ता

आतलं लोहचुंबक काढून घे बे. माझ्याकडं फ्रिजला चार आहेत, अख्खं लाइटबिल धरून ठेवतात.

बार्शीकर

जरा मध्येच. माझ्या जी४१ वर पण तारीख २००९ दाखवते. झाकण उघडलं, पण सेल दिसतच नाही. कुठे असतो?

टेस्टर

ग्राफिक कार्ड आहे का? असेल तर त्याच्या खाली दडलेला असतो. फोटो टाका.